शंभरचं सव्वाशे केलेली गाडी

मोटारसायकलचं इंजिन मोठं करून घेतलं आणि तेव्हापासून मी रोज उशिरा पोचायला लागलो. गॅरेजवाल्यांना हे सांगितलं तर ते हसतात. आमच्या गावात मात्र कुणी हसत नाही, कारण तो उशीर त्यांनीच केलेला आहे.

आमचं गाव उमापूरच्या बाजूला, ओढ्याकाठच्या खोलगट जागेत. गावातून बाहेर पडायचं तर मुरमाची एक चढण चढावी लागते आणि ती चढली की डांबरी रस्ता लागतो. चढण इतकी उभी की एसटी कधी खाली उतरलीच नाही. ड्रायव्हर वर थांबून हॉर्न वाजवतो आणि ज्याला जायचंय तो धापा टाकत वर येतो. गाव वसवणाऱ्याला एवढी मोकळी जमीन सोडून हा खड्डाच कसा आवडला, हे मला आजवर कळलेलं नाही.

मी दूध सोसायटीचा सेक्रेटरी होतो. लोकांनी दूध आणायचं, मी मापायचं, फॅट मोजायची, डबे भरायचे आणि टेम्पो आला की चढवून द्यायचे, एवढंच काम. मग दुष्काळ पडला. विहिरींचे तळ दिसायला लागले, गावाला टँकर सुरू झाला, अर्धी जनावरं चाराछावणीत गेली आणि दूध आटत आटत तीन डब्यांवर आलं. टेम्पोवाला एका सकाळी म्हणाला, "सेक्रेटरी, तीन डब्यांसाठी गाडी आणायला मला काय येड लागलंय का?" दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही.

त्या वर्षी शेतातून काहीच येणार नव्हतं. घरात रोज थोडं तरी काही येत होतं ते दुधाचं. म्हणून डबे गेवराईच्या शीतकरण केंद्रावर मी माझ्या गाडीवरून न्यायचे असं ठरलं. रस्ता तासाभराचा आणि केंद्राचा दरवाजा आठला बंद. गाडी शंभर सीसीची. दोन बाजूंना लोखंडी आकड्यांना दोन डबे, मागच्या कॅरिअरवर तिसरा आणि वर मी. गाडीला हे मान्य नव्हतं. सपाट रस्त्यावर ती कुरकुरत का होईना चालायची, पण चढणीच्या मध्यावर आली की उभी राहायची.

मग गावानं त्यावर तोड काढली. सहाच्या आत सगळ्यांनी दूध घालायचं आणि घरी न जाता सोसायटीच्या ओट्यापाशी थांबायचं. सव्वासहाला मी किक मारायचो, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकायचो आणि मागून दहा-बारा माणसं मला चढणीवर ढकलत न्यायची. त्यात एक म्हातारी होती. आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो. तिच्याकडे एकच गाय आणि दूध जेमतेम लिटरभर. ती एका हातात रिकामी चरवी धरायची, दुसरा तळहात माझ्या डब्याला लावायची आणि जोर लावण्यापेक्षा शिव्या जास्त द्यायची. गाडीला, मला, चढणीला आणि उशिरा येणाऱ्याला. उशिरा येणारा बहुतेक चेअरमनच असे. पण दोनदा ढकलणं कुणाच्यानं होणार नव्हतं, त्यामुळे चेअरमनसुद्धा डोळे चोळत, एक पायताण घालत, एक हातात घेत सहाला हजर व्हायचे.

असं सगळं बरं चाललं होतं. बिघडवलं मी.

झालं असं की माझा मेहुणा अंबाजोगाईहून मुक्कामाला आला होता. तिकडे कॉलेजात शिकायचा, त्यामुळे त्याला आमच्याकडचं सगळंच गमतीचं वाटायचं. सकाळी ओट्यावर उभा राहून त्यानं माझी मिरवणूक पाहिली आणि संध्याकाळी जेवताना विचारलं, "दाजी, ही गाडी हाय का हातगाडा?" माझी बायको तोंडाला पदर लावून हसली. भाऊ बहिणीच्या घरी आला की ती कुणाच्या बाजूची असते हे मी सांगायला नको. मला ते लागलं. रात्रभर लागलं.

त्याच आठवड्यात केंद्रानं आमचं दूध परत केलं. तिथे दूध उकळून बघतात, फाटलं की डबे परत. वर चिठ्ठी दिली, की अजून दोनदा असं झालं तर तुमच्या सोसायटीचं दूध घेणं बंद. मी मीटिंगमध्ये उभा राहून सांगितलं, की गाडीला दम नाही, वाटेत इंजिन तापलं, अर्धा तास थांबावं लागलं. त्यातलं अर्धा तास थांबल्याचं खरं होतं. इंजिन तापलं नव्हतं. गेवराईच्या अलीकडे एका हॉटेलात गरम भजी निघत होती आणि मी दोन प्लेट खाल्ली. हे आज पहिल्यांदा लिहितोय. ज्यांना कळायला नको होतं त्यातले बरेच आता राहिले नाहीत आणि बायको माझं लिहिलेलं वाचत नाही.

मी सुचवलं, की इंजिन मोठं करून घेतो, शंभरचं सव्वाशे. त्यावर दीड तास चर्चा झाली. आमच्या सोसायटीत एकमत हा प्रकार नव्हता. सतरंजी कुठल्या बाजूला घालायची यावरही दोन गट पडायचे. एकानं विचारलं, इंजिन मोठं केल्यावर गाडीचं नाव बदलतं का. दुसऱ्याला शंका आली, की सेक्रेटरी सोसायटीच्या नावाखाली सासुरवाडीला मिरवायला गाडी करतोय. ती शंका अगदीच खोटी नव्हती. खर्च माझा म्हटल्यावर ठराव मंजूर झाला, तरी दोघांनी विरोध नोंदवायला लावलाच.

गेवराईत एक म्हातारे मिस्तरी होते, अख्खा तालुका त्यांना चाचा म्हणायचा. त्यांचं गॅरेज म्हणजे एक लिंबाचं झाड आणि त्याखाली पत्र्याची पेटी. मी मनातलं सांगितलं. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"होईल ना सेक्रेटरीसाब," ते म्हणाले. "मोठा ब्लॉक बसवू, मोठा पिस्टन बसवू, खालचं तोंड लेथवर वाढवून आणू, कारबोरेटरचा जेट बदलू. इंजिन बडा होईल. पर चाक वही, चेन वही, ब्रेक वही." पेटी उघडता उघडता म्हणाले, "चलानेवाला बी वही."

तीन दिवस लागले. तेवढे दिवस मी काळीपिवळी जीपवाल्याच्या हातापाया पडून डबे पाठवले आणि दिवसभर लिंबाखाली बसून राहिलो. जुना पिस्टन चाचांनी माझ्या हातात दिला. एवढासा तो तुकडा आणि एवढ्या माणसांचं दूध ओढत होता, हे पाहून मला त्याची कीव आली. नवा शेजारी ठेवला तर फरक करंगळीच्या नखाएवढाही नव्हता. मी म्हणालो, चाचा, एवढ्यानं काय होणार? ते म्हणाले, "बेटा, पोट एवढंसं वाढलं तरी माणूस किती खातो बघ." आणि ते माझ्या पोटाकडे बघत होते. त्यांना भज्यांचं कुणी सांगितलं होतं की काय कोण जाणे.

निघताना त्यांनी आणखी एक काम फुकटात केलं. माझ्या गाडीचा मागचा ब्रेकचा दिवा कित्येक वर्षं बंद होता. त्यांनी वायर जोडली, नवा बल्ब घातला आणि मला पाठीमागे उभं करून ब्रेकवर पाय ठेवून दाखवला. लाल भडक उजेड. "आता जोरात पळशील, मागून कोणी ठोकू नये," ते म्हणाले. वर ताकीद दिली, की पहिले काही दिवस जोरात पळवायची नाही, पिस्टनला बसू द्यायचं. मी मान डोलावली आणि गेवराईच्या बाहेर पडताच विसरलो.

दुसऱ्या दिवशी सहाला सगळे ओट्यापाशी जमले. मी डबे लावले, किक मारली. आवाज जरा घोगरा आणि भरीव झाला होता, मला तर फार आवडला. लोक नेहमीसारखे मागे आले. मी हात वर करून म्हणालो, "कुणी हात लावायचा न्हाई." आणि गाडी सोडली. पुढचं चाक क्षणभर उचललं गेलं, मागच्या डब्याचं झाकण खणखणलं आणि मी एका दमात चढणीच्या माथ्यावर. वर जाऊन मागे वळून पाहिलं. सगळे खाली तसेच उभे होते, हात मोकळे सोडून, आता काय करायचं हे न कळल्यासारखे. मला वाटलं, कौतुकानं बघताहेत. मी हॉर्न वाजवून निघालो.

पहिले चार दिवस पावणेआठच्या आत पोचलो. पाचव्या दिवशी चेअरमनचं दूध सहा वीसला आलं. म्हणाले, "तुझी गाडी पळती की आता. पाच मिनिटं काय, रस्त्यात काढशील." मी खूश होऊन पाच मिनिटं काढली. दुसऱ्या दिवशी आणखी तिघे उशिरा आले. कुणाच्या म्हशीनं पान्हा चोरला, कुणाचं पारडू सुटून पिऊन गेलं, कुणी नुसतंच सांगितलं, की चहा पीत होतो. पूर्वी जे सहाला येऊन थांबत, ते आता दूध पोराबाळांच्या हाती पाठवून देऊ लागले. थांबून करायचं काय? ढकलायचं तर काही नव्हतं. पंधरा दिवसांत ओट्यावर सकाळी मी एकटा आणि मापं. साडेसहा झाले, पावणेसात झाले. मग मी त्या सव्वाशेच्या इंजिनाला मुरगळत, खड्ड्यांतून डबे आपटत, आठला दोन मिनिटं कमी असताना केंद्रावर पोचायचो आणि दरवाजातल्या माणसाच्या विनवण्या करायचो.

मी भांडलो. माझा स्वभाव मुळातच तापट, त्यात झोप नाही. ओट्यावर घंटा बांधली, तिला कुणी जुमानलं नाही. सोसायटीच्या फळ्यावर वेळ लिहिली. चेअरमननं खाली लिहिलं, "सर्वांनी पाळावी," आणि त्या दिवशी ते पावणेसातला आले. एकदा तर मी ठरवलं, की सव्वासहाला निघायचं म्हणजे निघायचं, राहील त्याचं राहील. निघालो. माथ्यावर पोचलो तेव्हा मागून हाक आली. मावशी चढणीवरून वर येत होती, चरवीवर दुसरा हात झाकण धरल्यासारखा ठेवून, दूध हिंदकळू नये म्हणून पाय जपून टाकत. तिला त्या दिवशी उशीर झाला होता कारण गायीसाठी छावणीवरून वैरण आणायला ती पहाटे गेली होती. वर येऊन तिनं दूध डब्यात ओतलं. मला वाटलं, आता शिव्या देईल. तिला दम लागला होता, ती काहीच बोलली नाही. मला लाज वाटली. ती बोलली असती तर बरं झालं असतं. त्यानंतर कुणाला मागे टाकून जायचं मला जमलं नाही.

आणि मग उन्हं तापल्यावर एका दिवशी दूध पुन्हा फाटलं. केंद्रावरचा साहेब भला माणूस होता. म्हणाला, "सेक्रेटरी, आता एकच संधी. पुढच्या वेळी माझ्या हातात काही राहणार नाही." परत आणलेलं ते दूध घेऊन मी गावात आलो. ज्याचं त्यानं आपल्या वाट्याचं फाटलेलं दूध घरी नेलं. सोसायटी बंद पडली असती तर बऱ्याच दारांतली जनावरं पुढच्या बाजारी गेली असती. मावशीची गाय पहिली.

त्या दिवशी मी बायकोवर ओरडलो. इतरांवर ओरडून झालं होतं. म्हणालो, एवढं मोठं इंजिन केलं, तरी ह्या गावाला वेळ कळत न्हाई.

ती भाकरी थापत होती. तिनं वर न बघता विचारलं, "ढकलायचं होतं तवा कुणी उशिरा यायचं का?"

"न्हाई."

"मग?"

"मग काय?"

"काई न्हाई. जेवा."

मी जेवलो. पण तिसऱ्या घासाला माझ्या डोक्यात उजेड पडला आणि भाकरी हातात राहिली. हे मला आधी कळायला हवं होतं. मी सेक्रेटरी होतो, ती नव्हती.

दुसऱ्या सकाळी पावणेसातला, सगळं दूध आल्यावर, मी गाडी चढणीला घातली आणि मध्यावर नेऊन बंद केली. दोनदा उगाच किक मारली. खाली येऊन जाहीर केलं, "इंजिन बसलं. आता ढकलल्याबिगर चढायची न्हाई. उद्यापासून समद्यांनी सहाला." जे हजर होते त्यांनी त्या दिवशी ढकलली. मात्र अडचण लगेच कळली. नवं इंजिन इतकं ओढायचं, की मागच्यांना वजनच लागेना, ते मोकळेच पळायला लागले. एकजण म्हणाला, "सेक्रेटरी, ही तर आपोआप चाललीय." तेव्हा मी हळूच उजवा पाय ब्रेकवर ठेवला. गाडी जड झाली. मागून मावशीची पहिली शिवी आली आणि मला फार बरं वाटलं.

पण चेअरमनला राहवलं नाही. सोसायटीच्या ठरावानं केलेलं इंजिन दोन महिन्यांत बसतं म्हणजे काय? त्यांनी गेवराईला निरोप धाडला आणि तिसऱ्या दिवशी चाचा स्वतः आले, रागानं दाढी थरथरत होती. पन्नास वर्षांत त्यांनी केलेलं एकही इंजिन बसलं नव्हतं. ओट्यापाशी सगळं गाव जमलं. चाचांनी किक मारली, कान लावला, एक्सलेटर पिळला आणि माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. त्यांना काही कळेना. मग मी त्यांना पाणी पाजायच्या निमित्तानं घरात नेलं आणि सगळं खरं सांगितलं, भज्यांसकट.

चाचांनी ग्लास उचलला. टँकरचं पाणी, गढूळ. ते त्यांनी सगळं प्यायलं. मग बाहेर जाऊन गावाला म्हणाले, "पिस्टनला दम लागलाय. सपाट रोडवर पळेल, चढणीवर धक्का लागेल. मेरे काम में खोट न्हाई, खोट तुमच्या चढणीत हाय." निघताना माझा दंड धरून हळू आवाजात बोलले, "गेवराईत कुणाला सांगशील तर पिस्टन काढून घेईन."

पुढे पाऊस पडेपर्यंत, आणि पडल्यानंतरही दूध वाढून टेम्पो परत सुरू होईपर्यंत, आम्ही असंच चढलो. सहाला सगळे हजर, सव्वासहाला किक, मागून दहा-बारा माणसं आणि माझा उजवा पाय ब्रेकवर. ब्रेकचे लायनर झिजून गेले, ते मी दोनदा गुपचूप बदलले. दूध एकदाही परत आलं नाही. सोसायटी राहिली. मनातून मी स्वतःला मोठा हुशार समजायचो. सगळ्या गावाला फसवलं आणि गावाचं भलं केलं, असं वाटून कधी कधी एकटाच हसायचो.

त्यानंतर चार-पाच वर्षांनी मी मावशीला डोळे दाखवायला अंबाजोगाईला घेऊन निघालो होतो. गाडी तीच, डबे नव्हते, मागे मावशी. पाडळसिंगीच्या पुढे रस्त्यावर शेळ्या आडव्या आल्या. मी ब्रेक लावून थांबलो. मावशी पाय मोकळे करायला उतरली आणि मागून म्हणाली, "तुझा दिवा लागतोय बघ अजून."

"कोणता दिवा?"

"ह्योच की. तांबडा. चढणीला लागायचा त्यो. थंडीत तर अंधाराचं आमच्या समद्यांच्या तोंडावर उजेड पडायचा."

पाय ब्रेकवर होता. शेळ्या गेल्या तरी मी काढला नाही. तो दिवा मागून कसा दिसतो हे मी चाचांच्या लिंबाखाली एकदाच पाहिलं होतं आणि नंतर वर्षभर त्याला पाठ करून बसलो होतो.

"म्हंजी तुमाला ठाऊक होतं?"

"आमी काय आंधळे हाव का? डोळे आत्ता गेलेत."

"मग ढकलत कावून होता?"

"चेअरमननंच सांगितलं समद्यांना. तू वर निघून गेलास आन् आमी खाली उतरत व्हतो तवा. म्हनला, सेक्रेटरीला कुनी बोलायचं न्हाई. बोललं की त्यो पाय काढील, आन् पाय काढला की मी परत निजून ऱ्हाईन."

"आन् कुणी विरोध केला न्हाई?"

"कशाला करतील?" मावशी परत मागे बसली आणि माझ्या पाठीवर चापट मारली. "चल आता. उशीर व्हतोय."

मी गाडी काढली. सोसायटीचा मी पंधरा वर्षं सेक्रेटरी होतो, तेवढ्या वर्षांत एकमतानं झालेला तो एकच ठराव, आणि तो लिहून घ्यायला मी हजर नव्हतो.